जुन्या गाडीचा 'चेक इंजिन' दिवा लागला, आता काय करायचं?

मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की नवशिका गाडीवाला एक तर धास्तावतो, नाहीतर 'गाडी चालतेय ना' म्हणत महिनोन् महिने त्याच्याकडे काणाडोळा करतो. दोन्ही महागात पडतं. घाबरलेला माणूस गॅरेजमध्ये सांगतील ते पार्ट बदलून घेतो आणि काणाडोळा करणारा छोट्या दोषाचा मोठा खर्च करून बसतो.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे. पार्ट विकत घेण्याआधी अर्धा तास बघण्यात आणि टिपण्यात घालवा. दहा-पंधरा वर्षं उन्हापावसात आणि इंजिनाच्या उष्णतेत राहिलेल्या गाडीत रबर कडक होऊन चिरतं, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, अर्थिंगचे बोल्ट गंजतात. या गोष्टींची तक्रार सेन्सरच्या नावाने येते, म्हणून बिचारा चांगला सेन्सर बदलला जातो आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

आधी दिवा कसा लागलाय ते बघा

चेक इंजिनचा दिवा पिवळा किंवा नारिंगी असतो. तेलाच्या किटलीचा लाल दिवा वेगळा. तो चालत्या गाडीत लागला तर पुढचं काही वाचू नका, सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करा. तेलाचा दाब नसेल तर इंजिनाची बेअरिंग काही मिनिटांत खराब होऊ शकतात. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल तरीही तेच. अशा वेळी रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

फक्त पिवळा दिवा आहे, तो स्थिर आहे आणि गाडी नेहमीसारखी चालतेय, तर सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. पिकअप एकदम गेला असेल, ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन जातच नसेल, तर ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, बहुधा गाडी लिंप मोडमध्ये टाकली आहे. इंजिन वाचवण्यासाठी तो मुद्दाम ताकद कमी करतो. अशा गाडीला जोरात रेस देऊन काही साधत नाही.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गंभीरपणे घ्या. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये, म्हणजे गाडी जोरात मिसिंग मारतेय, असा त्याचा अर्थ. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपातून धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. कन्व्हर्टरच्या आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, वेग कमी करा. तरीही लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलसारख्या एका पार्टवर भागणारं काम कन्व्हर्टरपर्यंत नेऊ नका.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. किल्ली ऑन केली, पण सेल्फ मारला नाही, तेव्हा हा दिवा लागायलाच हवा आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. किल्ली ऑन केल्यावर तो लागतच नसेल, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी दोष लपवायला तो काढून टाकलाय. सौदा करण्याआधी हे दहा सेकंदांत तपासता येतं.

आठवणी ताज्या असताना लिहून ठेवा

दिवा लागला तेव्हा इंजिन थंड होतं की गरम? चढावर होतात की सिग्नलला उभे? आदल्या दिवशी पेट्रोल भरलं होतं का? गाडी धुतली होती, पाण्यातून गेली होती? सुरू होताना झटके दिले, पेट्रोलचा किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या काही दिवसांत गाडीवर काय काम झालं? एअर फिल्टर बदलताना हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर अर्धवट बसवला जातो, किंवा फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड पाइपाची क्लिप आवळायची राहते. सर्व्हिसिंगनंतर दोनच दिवसांत दिवा लागला असेल तर सुरुवात तिथूनच करा. नवा दोष शोधण्यापेक्षा हात लागलेली जागा आधी बघावी.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून त्याची रबरी रिंग चिरली आहे का ते बघा आणि टिक-टिक आवाज येईपर्यंत परत घट्ट बसवा. टाकीतल्या वाफांची गळती तपासणारी यंत्रणा सगळ्या गाड्यांत नसते, पण ज्यात असते त्यात एवढ्या कारणानेही दिवा लागतो.

कोड वाचणं

ईसीयू सापडलेला दोष कोडच्या रूपात नोंदवून ठेवतो. तो कोड वाचायची ओबीडी-२ ही प्रमाणित पद्धत अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. युरोपात तिचंच भावंड पेट्रोल गाड्यांना २००१ पासून लागू झालं, डिझेलला त्यानंतर. भारतात ओबीडी-२ चा टप्पा २०१३ मध्ये आला. तुमची गाडी या काळानंतरची असेल तर डॅशबोर्डच्या खाली, बहुधा चालकाच्या गुडघ्यांच्या आसपास, १६ पिनांचं सॉकेट सापडेल. ते कधी झाकणाखाली लपलेलं असतं.

त्यात लावायला हातातला छोटा स्कॅनर किंवा मोबाइलशी ब्लूटूथने जोडणारा डोंगल, दोन्ही चालतात. जुन्या गाडीसाठी घेताना एक काळजी घ्या. यांपैकी बऱ्याच गाड्या के-लाइनसारख्या जुन्या प्रोटोकॉलवर बोलतात आणि स्वस्त नकली डोंगलांपैकी काहींना ही भाषा नीट येत नाही. घेण्याआधी तुमच्या मॉडेलवर तो चालतो का याची खात्री करा. स्कॅनर चालूच होत नसेल तर सॉकेट बिघडलंय असं समजू नका. अनेक गाड्यांत त्याचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. तो उडालेला असतो, बस. काम झाल्यावर डोंगल काढून ठेवा. सॉकेटच्या १६ व्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे उभ्या गाडीतही डोंगल बॅटरी खात राहतो.

किल्ली ऑन करा, स्कॅनर जोडा आणि कोड वाचा. पक्के झालेले कोड आणि 'पेंडिंग' कोड असे दोन गट दिसतील. पेंडिंग म्हणजे दोष एकदा दिसलाय, पण दिवा लावण्याइतका पक्का झालेला नाही. दोन्ही लिहून घ्या. मग 'फ्रीझ फ्रेम' उघडा. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंट किती गरम, इंजिनावर भार किती, हे सगळं त्यात गोठवून ठेवलेलं असतं. नवीन लोक हा भाग हमखास वगळतात. पण 'मिसिंग' एवढं कळणं आणि 'थंड इंजिन, उभी गाडी, आयडलिंगला मिसिंग' हे कळणं यात शोधाचा अर्धा रस्ता कापलेला असतो. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आता हात आवरा आणि 'इरेज'चं बटण दाबू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. बॅटरीची तार काढूनही तेच होतं, वर आयडलिंगची शिकलेली माहिती आणि रेडिओचा कोड जातो तो वेगळाच.

कोड वाचायला सोपा असतो. पहिलं अक्षर पी असेल तर दोष इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूचा. त्यानंतर शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा, म्हणून तो त्या मॉडेलच्या माहितीतच शोधा. पुढचा अंक विभाग सांगतो. १ आणि २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसिंग, ४ म्हणजे धूर-प्रदूषण नियंत्रण, ७ म्हणजे गिअरबॉक्स. 'ऑक्सिजन सेन्सर' हे शब्द कोडमध्ये आले म्हणून सेन्सरच गेला असं नसतं. सेन्सर जे सांगतोय ते ईसीयूला पटलेलं नाही, एवढाच निरोप त्यात असतो.

बॉनेट उघडा

इंजिन बंद आणि थंड असताना सुरुवात करा. सैल बाह्या, ओढणी, लटकती साखळी दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. आणि इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर बंद गॅरेजमध्ये कधीच नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिली बॅटरी. साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट मिळतात, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले असतील तर मला आधी बॅटरीचा, नाहीतर अर्थिंगचा संशय येतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या तारा शोधा. त्यांचे बोल्ट सोडवून, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळा. हे करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, अर्थात कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून झाल्यावरच.

मग कोडमध्ये ज्या भागाचं नाव आलंय त्याचा कनेक्टर काढून आत डोकवा. हिरवट थर, तेल, पाणी, मागे सरकलेली पिन, तुटलेलं लॉक, यांपैकी काहीतरी असतंच असं नाही, पण जुन्या गाडीत बरेचदा असतं. वायरिंग कुठे धातूच्या कडेवर घासलंय का, सायलेन्सरच्या पाइपाला टेकून वितळलंय का ते बघा. उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. लेंड्या किंवा कापसाचे पुंजके दिसले तर प्रत्येक वायर बोटांखालून घ्या.

शेवटी रबर. प्रत्येक बारीक नळी हलकेच वाकवा. निरोगी रबर वाकतं, म्हातारं रबर चिरा दाखवतं. नळीची खालची, न दिसणारी बाजू विसरू नका, चीर तिथेच असते.

सगळ्यात जास्त छळणारा कोड: पी०१७१

याचा अर्थ मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पेट्रोल इंजिनाला १ भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन पाहतो आणि ईसीयू त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती 'फ्युएल ट्रिम' म्हणून स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. ती शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे असावी. वीस-पंचवीस टक्के जास्त पेट्रोल ओतूनही मिश्रण पातळच राहिलं की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो.

माझ्या पहिल्या जुन्या गाडीला हाच कोड आला होता. गॅरेजमध्ये एक ऑक्सिजन सेन्सर बदलला, दिवा आला. दुसरा बदलला, दिवा आला. शेवटी एका रविवारी मी स्वतः बॉनेटखाली वाकलो, तेव्हा इंटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांच्या, मागे अंगठ्याएवढी एक रबरी टोपी चिरलेली सापडली. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. हवा खरोखरच जास्त होती. त्या दिवसापासून कोड वाचल्यावर मी आधी 'हे खरं असेल तर कशामुळे?' असा प्रश्न विचारतो.

तुम्ही असं करा. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला ट्रिम बघा, मग न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमवर धरून बघा. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत जातेय. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून त्या गळतीचा वाटा तेव्हा मोठा दिसतो. उलट आयडलिंगला ठीक, पण भार पडला की ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा कमी मोजली जातेय. मग फ्युएल फिल्टर, पंपाचा दाब आणि मळलेला हवा-प्रवाह सेन्सर यांकडे वळा. तो सेन्सर फक्त त्याच्यासाठीच असलेल्या स्प्रेने साफ करायचा, आतल्या तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही.

गळती शोधायला रबरी नळीचा एक फूटभर तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं जोडांजवळ फिरवा, पट्टा आणि पंख्यापासून दूर. 'स्स्स' आवाज चटकन सापडतो. ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची रीत प्रचलित आहे, पण गरम सायलेन्सर आणि ठिणग्यांच्या शेजारी ती करू नका, आग लागते. कानाने सापडलं नाही तर गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घ्या. यंत्राने सोडलेला धूर चिरेतून बाहेर येताना सरळ दिसतो.

मिसिंगचे कोड

पी०३०० म्हणजे मिसिंग अनेक सिलिंडरांत, पी०३०१ पासून पुढचा शेवटचा अंक म्हणजे सिलिंडरचा क्रमांक. समजा पी०३०२ आलाय आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. कोड लिहिलेले आहेतच, आता पुसा आणि गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल दोषी, पी०३०२ च आला तर कॉइल सुटली. मग प्लगची अदलाबदल करून तेच बघा. एकही पार्ट न घेता उत्तर मिळतं.

कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात तेल दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट झिरपतंय. ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तीही जाईल. लांब प्लग वायरी असलेल्या गाडीचं चालू इंजिन अंधारात बघा. जुन्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात मात्र लावू नका, तो झटका हजारो व्होल्टचा असतो. कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं ठीक असूनही एकच सिलिंडर मिसिंग मारत असेल तर कम्प्रेशन तपासून घ्या.

पी०४२० आला म्हणून कन्व्हर्टर बदलू नका

निदान लगेच तरी नको. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. आधीचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो, नंतरचा बऱ्यापैकी स्थिर राहायला हवा. नंतरचाही तसाच नाचू लागला की ईसीयू कन्व्हर्टर थकल्याची नोंद करतो. पण पुढच्या पाइपाला चीर असेल, गॅस्केट फुटलं असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरची फसगत होते. आधी ती गळती, मग मिसिंग, मग इंजिन तेल जाळतंय का, या क्रमाने जा. तेल जाळणाऱ्या इंजिनाला नवा कन्व्हर्टर लावला तर तोही त्याच मार्गाने जाणार.

बाकीचे थोडक्यात. पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं तापत नाही. आधी कूलंटची पातळी बघा, ती ठीक असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असण्याची शक्यता जास्त. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या मार्गातून, धूर कमी येतोय, बहुधा तो काजळीने बुजतोय. डिझेल गाड्यांत हा त्रास फार, पुष्कळदा साफसफाईने भागतं. पी०३३५ क्रँक सेन्सरचा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर सुरू होते असं असेल तर हा कोड टाळू नका, भर रहदारीत गाडी बंद पडू शकते.

सोळा पिनांचं सॉकेटच नसेल तर

त्याहून जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत दिवाच कोड सांगतो. बॉनेटखालच्या किंवा डॅशखालच्या सॉकेटच्या दोन ठरावीक पिना तारेने जोडून किल्ली ऑन केली की दिवा ठरावीक तालात लुकलुकतो. पुष्कळ मॉडेलांत लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. कोणत्या पिना जोडायच्या हे मात्र त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अंदाजाने जोडलेली तार ईसीयू जाळू शकते, आणि जुन्या गाडीचा ईसीयू मिळवणं हे वेगळंच दुखणं आहे.

गॅरेजमध्ये जाताना

'चेक इंजिन घालवून द्या' असं सांगू नका. तसं सांगितलं तर कोड पुसून गाडी परत मिळेल. त्याऐवजी लिहिलेला कागद पुढे करा. कोणते कोड, फ्रीझ फ्रेम काय, कधी होतं, तुम्ही काय तपासलं. 'हा पार्ट खराब आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरलं?' असं नम्रपणे विचारा. चांगला मेकॅनिक हा प्रश्न ऐकून खूश होतो आणि मीटर लावून दाखवतो. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

काम झाल्यावर

आता कोड पुसायला हरकत नाही. न पुसताही दोष खरोखर गेला असेल तर बहुतेक गाड्यांत सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर (फेरी म्हणजे इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करणं) दिवा आपोआप विझतो आणि साठवलेला कोड साधारण ४० वेळा इंजिन थंडाचं गरम झाल्यावर निघून जातो. उलट, बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लावतात. म्हणून गॅरेजमधून निघताना दिवा विझलेला आहे, याचा काही पुरावा होत नाही.

कोड पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. स्कॅनरवर 'रेडिनेस' किंवा 'मॉनिटर' नावाच्या पानावर त्या अपूर्ण दिसतात. त्या पूर्ण व्हायला एक थंड सुरुवात, थोडं आयडलिंग, थोडी शहरातली रहदारी आणि पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवणं लागतं, आणि हे काही दिवस. प्रदूषण तपासणीत ओबीडी वाचत असतील तर आदल्या दिवशी कोड पुसून जाऊ नका, अपूर्ण मॉनिटर त्यांना दिसतात. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, मग पुन्हा स्कॅनर लावून पेंडिंगची यादी उघडा. ती रिकामी असेल आणि मॉनिटर पूर्ण झाले असतील, तर स्कॅनर डब्यात ठेवा आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि सापडलेला दोष लिहून टाका.